समुद्र डाव्या हाताला ठेवून

नकाशावर निळा रंग दिसला की भल्याभल्यांचं डोकं चालेनासं होतं. पाणी सपाट, म्हणजे पाण्याकाठचा रस्ताही सपाट, असा हिशेब आपण परस्पर मांडून मोकळे होतो. मी तर तोही मांडला नव्हता. माझ्या भाच्यानं तो आयता मांडून दिला. "मावशी, कोस्टल रूट आहे, एकदम फ्लॅट. जाताना समुद्र डाव्या हाताला ठेव, येताना उजव्या. रस्ता चुकूच शकत नाहीस."

रस्ता नाहीच चुकले. चुकले ती हो म्हणाले तिथे.

सायकल अर्थातच त्याच्याच सल्ल्याने घेतलेली. वाकड्या शिंगांचं हँडल, बोटाएवढे टायर आणि बसायला सीट म्हणून जे काही दिलेलं असतं ते. शर्यतीची सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी असू नये, असा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा नियम आहे म्हणे. माझी आठ किलोची. वर बसणारी किती किलोची असावी याबद्दल संघटनेनं काही म्हटलेलं नाही, आणि मीही तो विषय काढत नाही.

पहाटे निघालो. वारा पडलेला, रस्ता रिकामा, आणि पहिले दहा किलोमीटर मी अशी काही गेले की माझं मलाच कौतुक वाटलं. हँडलवरच्या छोट्या पडद्यावर 27 आकडा दिसत होता. "बावन्नाव्या वर्षी सत्तावीस!" मी ओरडून सांगितलं. भाचा म्हणाला, "मागून वारा आहे, मावशी." मला तर काहीच जाणवत नव्हतं. नंतर कळलं, पाठीमागचा वारा जाणवत नाही हाच त्याचा गुण. तो ज्या वेगाने येतो त्याच वेगाने आपण पुढे जात असलो, की कानाशी सगळं शांत. मदत तो करतो आणि श्रेय आपण घेतो. घरात असं करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या दिवशी त्यांच्यात माझी भर पडली.

मग पहिला चढ आला.

"हा एवढाच," भाचा म्हणाला. तो एवढाच होता, अर्धा किलोमीटर. पण अर्ध्या किलोमीटरला दहा टक्के, म्हणजे पन्नास मीटर उंची. साधारण सोळा मजले. जिना असता तर मध्ये एखाद्या मजल्यावर तरी टेकता आलं असतं. वर पोचते न पोचते तोच रस्ता सरळ खाली, पार खाडीच्या पुलापर्यंत, आणि पूल ओलांडला की पुन्हा वर. तिसऱ्या खेपेला मला या रस्त्याचा स्वभाव समजला. ओढे आणि नद्या समुद्राला भेटायला येताना वाटेतली जमीन खरवडत येतात. दोन ओढ्यांच्या मधला कठीण खडक मात्र नाक वर करून समुद्रात उभा राहतो. रस्ता बिचारा पाण्यावरून जाऊ शकत नाही. तो प्रत्येक ओढ्याला खाली वाकून नमस्कार करतो आणि प्रत्येक नाकावर चढतो. अशी अकरा नाकं होती. अख्ख्या रस्त्यात आम्ही समुद्रसपाटीपासून 60 मीटरच्या वर एकदाही गेलो नाही, आणि तरी जातानाच चढाई सव्वासहाशे मीटर. नकाशावर बोट फिरवून हे कळत नाही. बोटाला चढ लागत नाहीत.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. इटलीत मिलान ते सान रेमो अशी शर्यत 1907 पासून होते. जवळजवळ तीनशे किलोमीटर, शेवटचा मोठा टप्पा समुद्राच्या कडेनं, आणि जगातले कसलेले गडी बहुतेकदा निकाली निघतात ते अगदी शेवटी पोज्जो नावाच्या टेकाडावर, जिचा सरासरी चढ चार टक्केसुद्धा नाही. तळ्यांचीही तीच तऱ्हा. कोमोच्या तळ्याच्या दोन फाट्यांमधल्या डोंगरावर, पाण्यापासून साडेपाचशे मीटर उंच, गिझाल्लोच्या माउलीचं छोटं देऊळ आहे. 1949 साली पोपनं तिला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केलं. भाच्यानं हे मला उत्साहानं सांगितलं. मला त्यात नवल काहीच वाटलं नाही. तो चढ चढून गेलेल्या माणसाला देव आठवणारच. देऊळ बांधणाऱ्यांनी फक्त सोय पाहिली.

परतायचं ठिकाण म्हणजे एक कठडा, जिथून म्हणे सगळी किनारपट्टी दिसते. फोटो काढणाऱ्यांची तिथं बरीच गर्दी. आता या सायकलचे बूट पेडलला खटकन अडकतात. सोडवायचे तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची, एवढंच. हे मला पाठ होतं. पण थकलेल्या माणसाचं डोकं उशिरा निरोप देतं आणि टाच तो आणखी उशिरा ऐकते. मी ब्रेक दाबला, सायकल थांबली, मी पाय खाली टेकवायला गेले आणि पाय आलाच नाही. मग पुढचे दोन सेकंद मी आणि सायकल, दोघी मिळून, एखाद्या तोडलेल्या झाडासारख्या सावकाश डावीकडे कलत गेलो. पळत्या सायकलवरून पडण्यात निदान काही शौर्य असतं. उभ्या सायकलवरून पडताना आजूबाजूच्यांना मोबाइल वळवायलाही पुरेसा वेळ मिळतो. एक लहान मुलगी आईला म्हणाली, "आई, त्या आजी झोपल्या." कोपर खरचटलं त्याचं काही नाही. आजी?

भाच्यानं मला उठवण्याआधी सायकल उठवली आणि मागचा गिअर वाकला नाही ना हे पाहिलं. ही गोष्ट मी त्याच्या आईला सांगणार आहे.

परत फिरलो तेव्हा अकरा वाजले होते आणि खारा वारा कामावर रुजू झाला होता. दिवस वर आला की जमीन पाण्याआधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा धावत येते. शाळेत हे आकृतीसह लिहून मी पाच पैकी पाच मार्क मिळवले होते. त्या आकृतीत सायकलवर बसलेली बाई नव्हती. गंमत अशी, की हा वारा समुद्राकडून येतो आणि रस्ता नागमोडी. रस्ता खाडीकडे आत वळला की वारा पाठीशी, पण तिथं नेमका उतार, म्हणजे मदत नको असताना मदत. पूल ओलांडून टोकाकडे बाहेर निघालं की चढ आणि वारा दोन्ही समोर. असं अकरा वेळा.

ताशी वीसनं चाललेल्या माणसासमोर वीसचा वारा आला, की हवेच्या लेखी तो चाळीसनं चाललेला असतो. आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे थेट चौपट. मी वीस सोडून बारावर आले, मग नऊवर. एका टोकाला एक आजोबा पायी माझ्या बरोबरीनं चालत होते. त्यांनी चौकशी केली, "काय, बिघाड झालाय का?" मी म्हटलं, "हो." कशात, ते त्यांनी विचारलं नाही.

"माझ्या चाकामागे राहा, मावशी, वारा लागणार नाही," भाचा म्हणाला. पुढच्याच्या आडोशाला कमी जोर लागतो, हे खरं आहे. शर्यतीत सगळा घोळका त्यावरच चालतो. पण आडोसा व्हायला पुढचा माणूस थोडा तरी रुंद लागतो. हा पोरगा एवढा किडकिडीत, की वारा त्याला वळसा न घालता आरपार जात असावा. तरी मी मागे लागले. चाकाला चाक घासू नये म्हणून नजर हलवायची सोय नाही. उजव्या हाताला समुद्र होता म्हणतात. लाटांचा आवाज येत होता, तोंडावर मीठ जमत होतं, एकदा तर भाचा "डॉल्फिन, डॉल्फिन!" म्हणून ओरडलाही. मी चाक पाहत होते.

मनाला मी एकच समजूत घालत होते: जाताना वेगानं गेलो आहोत, सरासरी बरी निघेल. निघत नाही. जाताना तीसनं गेलात आणि येताना पंधरानं आलात, तर सरासरी साडेबावीस येत नाही, वीसच येते; कारण सुखाचं अंतर लवकर संपतं आणि घड्याळ सगळा वेळ दुःखात मोजत बसतं. माझी सरासरी मी इथे लिहिणार नाही.

घरी आले, अंघोळ केली, खुर्चीवर बसायचा प्रयत्न केला आणि तो विचार रद्द करून पालथी पडले. तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन.

"ताई, पोरगा सांगत होता, काय सुंदर रस्ता आहे म्हणे! समुद्र कसा होता गं?"

"काळा," मी म्हटलं. "गुळगुळीत. दोन बोटं रुंद. डाव्या कडेला बारीकशी चीर पडलीय, त्याला टायर बदलायला सांग."