फ्लशची टाकी गळतेय? व्हिनेगर, वीट आणि एम-सील आधी बाजूला ठेवा

फ्लशची टाकी गळत असेल तर प्लंबर कशाला, पाच मिनिटांत गळती कायमची बंद, असं सांगणारा संदेश सध्या जिथे तिथे फिरतोय. त्यातले उपाय थोडक्यात असे: टाकीत रात्रभर व्हिनेगर ओता, वरून थोडं ब्लीच घाला, क्षार जाऊन वॉशर घट्ट बसतो. फ्लोटची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्याची, दांडी खाली वाकवा. सगळे नट पान्याने करकचून आवळा आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. तरीही पाणी दिसलं तर बाहेरून एम-सील फासा. पाणी वाचवायला टाकीत वीट ठेवा. आणि शेवटी दिलासा: थोडीशी गळती चालते, त्याने काही बिघडत नाही.

यातला एक उपाय माणसाच्या जिवावर बेतू शकतो, तीन टाकीच्या मुळावर येतात आणि एकच कधीमधी लागू पडतो. मूळ घोळ असा की संदेशाने सगळ्या गळत्यांना एकच औषध दिलंय. टाकीतलं पाणी तीन वाटांनी जातं: तळाच्या व्हॉल्व्हमधून भांड्यात, ओव्हरफ्लो नळीतून (जादा झालेलं पाणी वाहून नेणारी टाकीतली उभी नळी) भांड्यात, नाहीतर बाहेर फरशीवर. पहिल्या दोन वाटांनी गेलेलं पाणी भांड्यातच पडतं, म्हणून लोक हमखास भलताच भाग बदलतात.

वाट शोधायला अर्धा तास पुरतो. टाकीचं झाकण काढून जमिनीवर सपाट ठेवा, भिंतीला टेकवून नको, घसरलं की फुटतं. टाकी भरली की अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी सोडणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करा. पाणी ओव्हरफ्लो नळीत पडत असेल तर ते थांबू द्या. मग आतल्या भिंतीवर पातळीची पेन्सिलीने खूण करा, खाण्याच्या रंगाचे पाच-सहा थेंब टाका आणि अर्धा तास फ्लशला हात लावू नका. भांड्यात रंग उतरला तर दोष तळाच्या व्हॉल्व्हचा. रंग उतरला नाही, पातळी खुणेवरच आहे, पण कॉक उघडल्यावर टाकी भरूनही पाणी नळीत पडतच राहतं, तर दोष बॉल कॉकचा, म्हणजे टाकी भरली की फ्लोटच्या जोरावर पाणी बंद करणाऱ्या झडपेचा. पातळी उतरली, भांडं स्वच्छ आणि फरशीवर रंगीत पाणी, तर बोल्ट, वॉशर किंवा तडा.

‘व्हिनेगर आणि ब्लीच घाला.’ हे अजिबात करू नका. ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद, लहान न्हाणीघरात तो डोळे आणि घसा जाळतो आणि फुप्फुसांना इजा करतो. टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच यांचंही तेच.

नुसत्या व्हिनेगरचं काय? तळाच्या व्हॉल्व्हचं रबर ज्या कडेवर टेकतं, तिच्यावर साठलेला चुन्याचा थर ते विरघळवतं, एवढं खरं. पण कडक झालेलं, वाकडं झालेलं किंवा कडेचा वळ पडलेलं रबर व्हिनेगरने पुन्हा मऊ होत नाही. ब्लीच आणि टाकीत सोडायच्या क्लोरीनच्या वड्या तर रबराची वाट लावतात, म्हणजे उपायच रोग वाढवतो.

तळाच्या व्हॉल्व्हची खरी दुरुस्ती अशी. कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, उरलेलं पाणी स्पंजने टिपा. दोन बटणांची टाकी असेल तर मधला मनोरा बहुतेक वेळा घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवला की वर निघतो. त्याच्या बुडाला रबराची किंवा सिलिकॉनची चपटी रिंग असते. तिच्यावर नख फिरवा. गोल खाच लागली तर रिंग गेली. तीच रिंग उलटी करून बसवली तर काही दिवस निभतं, पण तेवढ्यात त्याच मापाची नवी आणावी. जुनी रिंग सोबत न्या. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या रिंगा दोन मिलिमीटरने चुकतात आणि मग गळती आहे तिथेच राहते.

रिंग बदलण्याआधी ती ज्या कडेवर टेकते, तिच्यावरून ओलं बोट पूर्ण गोल फिरवा. खरखर लागली तर तो क्षार. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास त्या कडेवर ठेवा आणि नायलॉनच्या घासणीने घासा. तारेची घासणी नको, तिचे ओरखडेच पुढे पाण्याला वाट देतात. एवढ्यापुरतं व्हिनेगर कामाचं आहे, तेही टाकीत ब्लीचचा अंश नसताना. कड टवका उडालेली असेल तर नवी रिंगही टिकणार नाही, पूर्ण व्हॉल्व्ह बदलावा लागेल.

साखळीने उचलला जाणारा फ्लॅपर (तळाचं भोक झाकणारी रबरी झडप) असेल तर साखळी आधी बघा. बंद स्थितीत तिला साधारण एक सेंटिमीटर ढील हवी. ताठ असेल तर फ्लॅपर पूर्ण टेकत नाही, फार लांब असेल तर साखळीच त्याच्याखाली अडकते. आणि रबराला पेट्रोलियम जेली लावू नका, बरंचसं रबर तिने फुगतं. लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस.

‘फ्लोटची दांडी वाकवा.’ संपूर्ण संदेशात अर्धं खरं असलेली गोष्ट एवढीच. पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापासून दोन-अडीच सेंटिमीटर खाली थांबायला हवं. पाणी नळीत पडत असताना फ्लोट हाताने वर उचला. धार थांबली तर पातळी खाली आणली की काम झालं. पितळी दांडी दोन्ही हातांनी धरून हलकेच वाकवा. प्लास्टिकची वाकवू नका, मोडते, आणि बहुतेक नव्या बॉल कॉकना त्यासाठी स्क्रू किंवा क्लिप असतेच. फ्लोटचा गोळा हलवून बघा, आत पाणी खळखळलं तर तो बुडणारच, तो बदला.

फ्लोट वर धरूनही धार चालूच राहिली तर वाकवून काही होणार नाही. बॉल कॉकच्या वॉशरमध्ये कचरा अडकलाय किंवा वॉशर झिजलाय. उभ्या प्रकारच्या बॉल कॉकमध्ये आधी अँगल कॉक बंद करून वरची टोपी फिरवून काढा, तोंडावर एक पेला उपडा धरा आणि अँगल कॉक दहा-पंधरा सेकंद उघडा. रेतीचे कण बाहेर येतात. पेला धरला नाही तर पाणी थेट छताला जातं. पाण्याच्या वाहिनीचं काम झाल्यावर अचानक टाकी वाहू लागली असेल तर बहुधा हेच कारण.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. बॉल कॉकमधून ओव्हरफ्लो नळीत पाणी सोडणारी बारीक नळी कुणीतरी पार आत खुपसून ठेवलेली असते. तिचं टोक टाकीतल्या पातळीच्या खाली गेलं की काही बॉल कॉकमध्ये सायफन सुरू होतो आणि टाकीतलं पाणी गुपचूप ओढलं जातं. टोक ओव्हरफ्लोच्या तोंडाच्या वर क्लिपने अडकवा.

‘नट करकचून आवळा, टेप लावा.’ टाकी चिनी मातीची आणि नट प्लास्टिकचे. जोर केला की आधी काय जाईल ते सांगायला नको. या जोडांमध्ये पाणी आटे अडवत नाहीत, वॉशर अडवतो. म्हणून अँगल कॉकपासून टाकीत पाणी आणणाऱ्या कनेक्शन पाइपच्या नटाखाली रबरी वॉशर असताना आट्यांवर टेप लावून उपयोग नाही. वॉशर चेपलेला असेल तर नवा टाका, नट हाताने घट्ट करा आणि मग पान्याने जेमतेम पाव फेरा द्या. टाकी भांड्याला धरून ठेवणाऱ्या बोल्टना आतून डोक्याखाली रबर हवं. रबर आणि चिनी मातीच्या मध्ये लोखंडी वॉशर नको, तो बाहेर नटाच्या बाजूला. दोन्ही बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा. एकच बाजू आधी पूर्ण आवळली तर टाकी तिरपी होते आणि तडकते.

‘एम-सील फासा.’ पाणी आतून ढकलतंय आणि लेप बाहेरून, ओल्या गुळगुळीत काचेरी थरावर. थोडे दिवस टिकेल आणि सुटेल. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या दुरुस्तीला नट त्या गोळ्यात गाडलेला असतो. तडा असेल तर टाकी बदलणं एवढाच मार्ग. आणि टाकी बाहेरून सगळीकडे दमट असेल तर आधी कोरडी पुसा. दमट हवेत गार पाण्याने भरलेल्या टाकीला घाम येतो. रंग टाकलेला असताना बाहेरचे थेंब बिनरंगी निघाले तर ते एक तर घाम किंवा कनेक्शन पाइपच्या जोडाचं पाणी. जोडाला टिशू गुंडाळा, कळेल.

‘वीट ठेवा.’ भाजलेली वीट पाण्यात झडते आणि तिचे कण नेमके तळाच्या व्हॉल्व्हच्या रिंगेखाली जाऊन बसतात. शिवाय पाणी कमी पडलं की लोक दोनदा फ्लश करतात.

‘थोडीशी गळती चालते.’ मोजूनच बघा. तळाचा व्हॉल्व्ह गळत असेल तर अँगल कॉक बंद ठेवून तासाभरात खूण किती खाली गेली ते पाहा. आतून ४० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद टाकीत १ सेंटिमीटर उतार म्हणजे तासाला ६०० मिलिलीटर, दिवसाला १४ लिटरांहून जास्त. रात्री कुणी हात न लावता टाकी स्वतःच भरल्याचा आवाज येतो, तो याच उताराचा. बॉल कॉकची गळती मात्र अशी मोजता येत नाही, कारण अँगल कॉक बंद केला की तीच थांबते. टाकीला पाणी थेट मीटरमधून येत असेल तर घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा छोटा काटा पाहा. तो फिरत असेल आणि टाकीचा अँगल कॉक बंद करताच थांबला, तर चोर सापडला.