पगारात 30 टक्के बचत: मामांना आलेल्या फॉरवर्डचा हिशेब

परवा रात्री साडेदहाला मामांचा मेसेज आला: "तुझ्याच विषयातलं आहे, बघ. सोमवारपासून लावू का?" मामांची सांगलीत सुपर शॉपी आहे, आठ माणसं कामाला. मेसेजखाली तोच फॉरवर्ड होता, जो महिनाभरात मला आणखी तिघांनी पाठवलाय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: लिनिअर प्रोग्रामिंग हे नवं एआय तंत्र वापरा आणि पगाराचा खर्च 30 टक्क्यांनी उतरवा. गर्दीच्या तासांनाच माणसं बोलवा, मधल्या वेळात घरी पाठवा. उत्तर अपूर्णांकात आलं तर जवळचा पूर्ण आकडा धरा. गणिताने काढलेलं असल्यामुळे याहून चांगलं वेळापत्रक असूच शकत नाही.

लिनिअर प्रोग्रामिंग म्हणजे घातलेल्या अटी पाळून कमीत कमी खर्चाचं उत्तर काढायचं गणित. मी हा विषय कॉलेजात शिकवते. सोमवारी मामांनी कुणाला घरी बसवण्याआधी हे लिहून टाकतेय.

'नवं' हे आधी निकालात काढते. ही गणितं सोडवायची अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डान्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत 1947 ची. न्यूयॉर्कच्या टोलनाक्यांवर कोणत्या वेळी किती माणसं लागतात याचा लेस्ली एडी यांचा अभ्यास 1954 चा, आणि पाळ्यांचं ते कोडं लिनिअर प्रोग्रामिंगमध्ये कसं बसवायचं हे डान्झिगनी त्याच वर्षी दाखवलं. मोठी गणितं झपाट्याने सुटावीत म्हणून 1984 मध्ये वेगळीच पद्धत देणारे नरेंद्र करमरकर तर आयआयटी मुंबईत शिकलेले. यात एआय कुठेही नाही.

आता ते 30 टक्के. मामांना फोनवरच विचारलं, कोणत्या दिवशी किती माणसं लागतात? सोमवारी 4, मंगळवार ते गुरुवार रोज 5, शुक्रवारी 6, शनिवार-रविवार 8-8. बेरीज 41. म्हणजे आठवड्याला 41 हजेऱ्यांची गरज. आज आठ जण सहा-सहा दिवस येतात, त्या झाल्या 48. सगळ्यांची रोजची मजुरी सारखी धरली आणि जगातलं सर्वोत्तम गणित लावलं, तरी 41 च्या खाली जाता येत नाही. 48 मधून 7 गेले, म्हणजे 15 टक्क्यांच्याही आत. 30 टक्के वाचवायचे तर 33-34 हजेऱ्यांत आठवडा काढावा लागेल. मग शनिवारी संध्याकाळी बिलिंगला कोण बसणार? फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा आकडा कुठल्या दुकानावरून आणला, तिथे आधी किती माणसं होती, काही दिलेलं नाही. तरी लोक तो खरा धरून चाललेत.

अपूर्णांकाचं तर विचारूच नका. समजा एका दुकानात रोज 5 माणसं लागतात आणि प्रत्येकाला आठवड्यात एक सुट्टी आहे. पूर्णांकाची अट न घालता गणित सोडवलं तर प्रत्येक वारी सुट्टी घेणारे 0.83 माणूस निघतात. फॉरवर्डप्रमाणे जवळचा आकडा धरला की दर वारी 1, म्हणजे एकूण 7 माणसं. पण काम सहांत होतं! सहा जणांनी सहा वेगवेगळ्या वारी सुट्टी घेतली की रोज पाच जण हजर, सातव्या दिवशी सहाही. खर्च वाचवायला निघालात आणि एक अख्खा पगार वाढवून बसलात. एक्सेलमध्ये अशी गणितं सोडवणारं सॉल्व्हर असतं, त्यात 'इंट' (उत्तर पूर्णांकातच हवं) अशी अट घालायची सोय आहे, दोन क्लिकचं काम. तेही सांगायचं सुचलं नाही.

मला खरा राग आहे तो मधल्या वेळी घरी पाठवण्याचा. माझी मावसबहीण एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात काउंटरला आहे. दिवाळीनंतर तिची ड्युटी तोडली: सकाळी साडेदहा ते दीड, मग संध्याकाळी सहा ते साडेनऊ. घर दोन बस लांब. जाऊन-येऊन दोन तास आणि भाडं जातं, म्हणून ती घरी जातच नाही. दुकानामागच्या जिन्यात डबा खाते आणि साडेचार तास देवळाच्या ओट्यावर बसून काढते. पगार साडेसहा तासांचा, घराबाहेर तेरा तास. त्या साडेचार तासांची किंमत मालकाच्या हिशेबात शून्य आहे, कारण ती कुणी मांडलीच नाही. लिनिअर प्रोग्रामिंग तुम्ही मांडलेला खर्च कमी करतं, न मांडलेल्याशी त्याला देणंघेणं नसतं. 'तुकड्यातल्या पाळीला पुरेसा जादा भत्ता' एवढी एक ओळ त्यात घातली असती, तर कॉम्प्युटरने स्वतःहूनच सलग पाळी दिली असती.

मालकाच्या खिशाचंच बोलायचं तर तेही पाहू. जोन विल्यम्स, सुझन लॅम्बर्ट आणि सरवणन केसवन या संशोधकांनी शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या 28 दुकानांत प्रयोग केला. निष्कर्ष 2018 मध्ये आले. काही दुकानांत पाळ्या स्थिर केल्या: सुरू व्हायच्या आणि संपायच्या वेळा ठरलेल्या, काही जणांना किमान तासांची हमी, गर्दीच्या वेळी जादा हात. तिथली विक्री सुमारे 7 टक्के वाढली, दर तासामागची उत्पादकता 5 टक्के. गिऱ्हाइकाला माल कुठे आहे हे सांगणारा माणूस टिकला की विक्री होते, हे मामांना माझ्याहून जास्त कळतं.

कायद्याचंही फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा सलग 24 तासांची साप्ताहिक सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट दर सांगतो. छोट्या दुकानांना त्यातून बरीच सूट आहे, मामांच्याही. पण सुट्टी माणसाला लागते, दुकान केवढंही असो.

राहिला 'याहून चांगलं नाही' हा दावा. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. तुम्ही मांडलेल्या अटींत याहून स्वस्त उत्तर नाही हे गणित सिद्ध करून देतं, आणि सवयीने लावलेल्या पाळ्यांत वाया खूप जातं. मामांकडे दोघे जुने रविवारी सुट्टी घेतात, म्हणून ऐन गर्दीत सहाच जण, आणि मंगळवारी सातजण बसून. सगळ्या सुट्ट्या सोमवार ते शुक्रवार वाटल्या तर एकाही पैशाचा फरक न पडता आठवडा भरतो. पण मग रविवार कुणालाच मिळत नाही. म्हणून मी एक अट वाढवली: शनिवार-रविवारपुरता कॉलेजचा एक मुलगा घ्यायचा आणि आठ जणांनी आळीपाळीने रविवार सोडायचा. खर्च दोन हजेऱ्यांनी वाढतो, 48 च्या 50 होतात. आठ आठवड्यांत प्रत्येकाला एक रविवार घरी.

मामांना तेवढंच कळवलंय: सोमवारी काही लावू नका. दर तासाला किती बिलं होतात ते दोन आठवडे वहीत लिहून ठेवा, आणि कुणाचं घर किती लांब तेही. मी पुढच्या महिन्यात सांगलीला येतेय, तेव्हा आठही जणांना बसवून मांडू.