कृष्णविवराच्या 'आवाजा'बद्दल खुलासा

'नासाने कृष्णविवराचा आवाज ध्वनिमुद्रित केला' अशा मजकुरासह एक ध्वनिफीत फिरते आहे. ती नासानेच मे २०२२ मध्ये प्रसिद्ध केली होती, पण ते ध्वनिमुद्रण नव्हे. 'चंद्रा' ही अवकाश दुर्बीण फक्त क्ष-किरण टिपते. सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवरील पर्सियस दीर्घिकासमूहातल्या तप्त वायूत, मध्यवर्ती कृष्णविवराच्या उद्रेकांमुळे, तळ्यात दगड टाकल्यावर उठावेत तसे उठलेले तरंग २००३ मध्ये तिच्या प्रतिमेत ओळखता आले. दाबाच्या या लहरी म्हणजे ध्वनीच; परंतु त्यांचे एक आवर्तन सुमारे ९६ लाख वर्षांचे असल्याने तो स्वर ५७-५८ सप्तके वर चढवून हा घुमारा तयार केला गेला. अवकाशात ध्वनी असूच शकत नाही, हा उलट दावाही इथे लागू पडत नाही, कारण या समूहात वायूचे माध्यम आहे.