फिरतं खुराडं चांगलंच आहे, पण तो मेसेज खरा नाही

गेला महिनाभर एक मेसेज फिरतोय, माझ्याकडे चार ग्रुपवरून आला आणि शेवटी मामांनीही पाठवून विचारलं, "करूया का गं आपल्या दिवा गावातल्या घरामागे?" मेसेज असा की प्लंबिंगचे पाइप आणि कोंबडीजाळी आणा, एका दिवसात फिरतं खुराडं, म्हणजे तळ नसलेलं, गवतावर रोज पुढे सरकवायचं खुराडं तयार, दहा गावठी कोंबड्या ठेवा, खाद्य नको, साफसफाई नको, लस नको, रोज दहा अंडी. मी घणसोली गावात परसात चार वर्षं असं खुराडं वापरतेय आणि मला ते मनापासून आवडतं, म्हणूनच लिहितेय, कारण हे वाचून कोणी कोंबड्या आणल्या तर हाल त्या मुक्या जिवांचे होणार.

आधी जाळीचं बोलते, कारण जीव तिथे जातो. ती षटकोनी भोकांची बारीक तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. माझ्या पहिल्या खुराड्याला हीच होती, एका पहाटे कोपऱ्यातली तार वाकवून मुंगूस आत शिरलं, दोन कोंबड्या गेल्या आणि तिसरी कितीतरी दिवस दाण्याला नीट शिवली नाही, ते अजून डोळ्यासमोर येतं. आता अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे सांध्यांना वेल्ड केलेली चौकोनी भोकांची कडक जाळी आहे, स्टेपल नाही तर स्क्रू आणि वॉशरने लाकडात आवळलेली, शिवाय बाहेरून चारी बाजूंनी जमिनीवर फूटभर आडवी जाळीची पट्टी, कारण घूस कडेला लागूनच उकरते आणि तिथे जाळी आली की अडते. पट्टी बिजागरीवर ठेवा म्हणजे खुराडं सरकवताना वर दुमडता येते. माझा निम्मा खर्च जाळीवरच झाला आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

दहा कोंबड्यांचं म्हणाल तर चार बाय आठ फुटांत बत्तीस चौरस फूट जागा होते, एकीला फिरायला निदान आठ-दहा तरी हवी, म्हणजे तीन, फार तर चार कोंबड्या. जास्त कोंबल्या की एकमेकींची पिसं उपटतात. आणि खुराडं मोठं केलंत तर एकट्याला हलत नाही. माझी आई एका बाजूला चाकं आणि दुसऱ्या बाजूला दांडे धरून एकटी सरकवते, मी माप तेच धरलंय. पाइपचं हलकं असतं खरं, पण पावसाळी वाऱ्यात उलटतं.

साफसफाई वाचते ती रोज सरकवल्यामुळे. तीन दिवस एका जागी राहिलं की विष्ठेने गवत जळतं, चिखल होतो आणि अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडची जमीन पाणी पिऊन बसलेली असते, तेव्हा मी खुराडं ओट्यावर घेते, खाली सहा इंच तूस टाकते आणि ते वरचेवर हलवून कोरडं ठेवते, नाहीतर पिल्लांना रक्ती हगवण लागते. म्हणजे वर्षातले चार महिने ते फिरतं राहतच नाही, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

खाद्य तर लागतंच. कोंबडी म्हणजे बकरी नव्हे, गवत-किडे तिला वरचं खाणं, दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणा द्यावा लागतो. टरफलासाठी कॅल्शियम हवं, आमच्याकडे खाडीच्या शिंपल्या कुटून वेगळ्या वाटीत ठेवतो, हवं तेवढं खातात.

अंडी? गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी देते, मध्येच खुडूक होऊन उबवायला बसते, पिसं झडताना थांबते. जास्त हवीत तर कावेरी किंवा ग्रामप्रिया या सुधारित जाती बघा. कोंबडा नसला तरी अंडी मिळतात हे मेसेजमधलं मात्र बरोबर आहे, शेजारही शांत राहतो.

मोकळ्या हवेत लस लागत नाही हे तर धोक्याचं आहे. मानमोडी (राणीखेत रोग) आली की सगळं खुराडं साफ होतं, लस वेळेवर द्याच. वरून पण नुसती जाळी नको, पत्रा हवा, कारण कावळे-बगळ्यांची विष्ठा आत पडते, आणि 2022च्या फेब्रुवारीत आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या वेहळोळीला बर्ड फ्लू निघाला होता. पत्र्यावर झावळ्या टाका, एप्रिल-मेत कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात.

मामांना सांगितलंय, तीनच कोंबड्या, आणि कोंबड्यांच्या आधी वेल्डमेश आणा, रविवारी ड्रिल घेऊन मी येते.