खुलासा: गोळी कुटली म्हणून लॅक्टोज (दुधातली साखर) जात नाही

‘गोळी सोसत नसेल तर कुटून घ्या, लॅक्टोज आणि रंग निघून जातात’ हा कोल्हापुरात फिरणारा मेसेज चुकीचा आहे. लॅक्टोज गोळीच्या आतच मिसळलेलं असतं. कुटून जाणार कुठं? तेही बहुधा काहीशे मिलिग्रॅम. गंगावेशीत पेलाभर धारोष्ण दूध पिणाऱ्याच्या पोटात १० ग्रॅम सहज जातं.

धोका वेगळाच आहे. पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीचं औषध) कुटलं की जठरातल्या आम्लात नासतं; मेटफॉर्मिन एसआर (मधुमेहाचं, हळूहळू सुटणारं औषध) कुटलं तर दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

टार्ट्राझिनसारखा (पिवळा कृत्रिम) रंग खरंच बाधत असेल तर स्ट्रिपवरची ‘कलर’ ओळ वाचा. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं चालेल का, डॉक्टरांना विचारा. सिरप बिनधोक समजू नका, त्यातही रंग आणि सॉर्बिटॉल (गोडी आणणारा पदार्थ) असू शकतात. तो घटक वगळून औषध बनवून घ्यायचं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच, परवानाधारक फार्मासिस्टकडून.