खुलासा: स्वीडनच्या त्या चाचणीत डॉक्टर होतेच

‘स्वीडनमध्ये ८० हजार महिलांचे मॅमोग्राम एआयने एकट्याने तपासले, रेडिओलॉजिस्ट लागलाच नाही’ असा मेसेज फिरतोय (मॅमोग्राम म्हणजे स्तनांचा कॅन्सर शोधण्यासाठी काढलेला एक्स-रे; तो वाचणारा डॉक्टर म्हणजे रेडिओलॉजिस्ट). चाचणीत ८० हजार महिला होत्या हे खरं, पण एआयने एकट्याने सगळं तपासलं हे चूक.

‘मसाई’ नावाच्या या चाचणीचे पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यात साधारण निम्म्याच महिलांचे मॅमोग्राम एआयकडे गेले. सॉफ्टवेअरने प्रत्येकाला कॅन्सरच्या जोखमीनुसार १ ते १० गुण दिले. ९ पर्यंत गुण असतील तर एका रेडिओलॉजिस्टने वाचायचं, १० असतील तर दोघांनी. उरलेल्या निम्म्यांचे नेहमीसारखे दोघांनी वाचले. एआयच्या गटात वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं ते बहुतेक मॅमोग्राम एकानेच वाचल्यामुळे. कुणाला पुढच्या तपासणीला बोलवायचं, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवलं.

सॉफ्टवेअर संशयित जागेवर खूण करतं. ती कधी रक्तवाहिनीतल्या निरुपद्रवी कॅल्शियमवरही पडते, आणि जुना मॅमोग्राम शेजारी लावून बघणारा डॉक्टर ती बाजूला सारतो. मला जास्त भीती उलट्या गोष्टीची वाटते: खूण नाही म्हणून नजर पुढे सरकण्याची.

आणि हो, हे तंत्र कालपरवाचं नाही. मॅमोग्राफीत खुणा करणाऱ्या सॉफ्टवेअरला अमेरिकेत १९९८ मध्येच मंजुरी मिळाली होती.