नुसतेच एमबीबीएस

इंटर्नशिपचे वर्ष रक्ताच्या बाटल्या आणि रिपोर्ट या खिडकीतून त्या खिडकीत पोहोचवण्यात घालवून मी सोलापूरला घरी परतलो, तेव्हा शेजारच्या काकू दुखरा गुडघा घेऊन तयारच बसल्या होत्या. गुडघा पुढे करण्यापूर्वी त्यांनी विचारले, "कशाचा डॉक्टर झालास रे?" मी 'तसा सगळ्याचाच' असे काहीसे पुटपुटलो. "म्हणजे नुसतंच एमबीबीएस," असे म्हणून त्यांनी गुडघा परत घेतला.

हे 'नुसतेच' पुसायचे तर एमबीबीएसनंतर एखाद्या विषयाचा तज्ज्ञ व्हावे लागते आणि त्या प्रवेशासाठी नीट-पीजी नावाची परीक्षा द्यावी लागते. प्रश्न दोनशे, गुण आठशे, वेळ साडेतीन तास. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरासाठी पदरचा एक जातो. २०२४ पासून प्रश्नांचे चाळीस-चाळीसचे पाच विभाग पाडण्यात आले असून बेचाळीस मिनिटे संपली की मागच्या विभागात डोकावता येत नाही. आमच्या वेळी ही परीक्षा २३ जून २०२४ रोजी होती. आजीने हातावर घातलेले दही चाटून मी आदल्या दिवशीच पुण्याला एका लॉजवर जाऊन पडलो होतो, आणि रात्री पाठांतराची शेवटची उजळणी चालू असताना परीक्षा पुढे ढकलल्याची बातमी आली. पुढे नवी तारीख आली, तेव्हा आजीला एवढीच काळजी होती की, ते दही आता ११ ऑगस्टपर्यंत पुरेल की पुन्हा घालावे लागेल.

नव्या तारखेबरोबर परीक्षा दोन पाळ्यांत होणार असल्याचे कळले आणि आयुष्यभर गिरणीत काम केलेल्या आजोबांना माझ्या शिक्षणात प्रथमच काहीतरी ओळखीचे सापडले. "पहिली पाळी घे, दुसरीत झोप येते," असा त्यांचा सल्ला होता. पाळी मागून मिळत नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही. दोन पाळ्यांचे पेपर वेगळे, म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागला. ते प्रकरण मी त्यांना कागदावर आकृती काढून समजावले, तेव्हा शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हणजे तू किती कापड विणलंस ते सांगत नाहीत, किती जणांपेक्षा जास्त विणलंस ते सांगतात." याहून सोपी व्याख्या मला अजून कोठे मिळालेली नाही.

खरी परीक्षा मात्र त्यानंतर, कोणता विषय कोणत्या महाविद्यालयात हवा याचा पसंतीक्रम भरताना सुरू झाली. सरकारी महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि निम्म्या राज्याच्या फेऱ्यांतून भरल्या जातात, त्यामुळे ही यादी दोनदा करावी लागते. तिसऱ्या वर्षापासून मी सर्वांना सांगत आलो होतो की, रुग्णाशी बोलल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून मी मेडिसिनच घेणार. प्रत्यक्ष यादीत पहिला क्रमांक रेडिओलॉजीला गेला, जिथे रुग्णाशी बोलणे कमी आणि त्याच्या सावलीशी अधिक असते. दुसरा त्वचारोगाला, जिथे रात्री दोनला कोणी सहसा उठवत नाही. पसंती पन्नासच्या पुढे गेली तसतशी मला हाडांची, कानाची आणि अखेर चक्क शरीररचनाशास्त्राची लहानपणापासून ओढ असल्याचे जाणवू लागले. वास्तविक संगणक तुमच्या क्रमांकानुसार वरून खाली पाहत जातो आणि मिळण्याजोगी पहिली जागा देतो, त्यामुळे मनातला क्रम प्रामाणिकपणे लिहिणे एवढेच शहाणपण असते. पण आमच्या एका सीनियरने मागच्या वर्षी कोणती जागा कितव्या क्रमांकावर संपली याची भलीमोठी एक्सेल शीट पाठवली आणि दोन रात्री मी शेअर बाजारातल्या माणसासारखा तीच चाळत बसलो. एका काकांनी तर भैय्या चौकातील डॉ. कोटणीस स्मारकाकडे बोट दाखवून त्यागाची आठवण करून दिली. १९३८ साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेलेल्या त्या सोलापूरकराविषयी मला नितांत आदर आहे. तरीही त्यांना चॉइस लॉक करावे, म्हणजे मुदतीच्या आत पसंतीची यादी संगणकावर कायमची पक्की करावी लागले नव्हते, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

लॉक करायला वीस मिनिटे उरली असताना मी पासवर्ड विसरलो. नव्या पासवर्डचा ओटीपी अण्णांच्या मोबाइलवर जात होता, कारण बालवाडीपासून माझ्या प्रत्येक अर्जावर त्यांचाच नंबर आहे. अण्णा नवी पेठेतल्या दुकानात लग्नसराईचे टॉवेल मोजत होते. माझा फोन लॅपटॉपला इंटरनेट पुरवण्यात गुंतलेला, म्हणून मी मित्राच्या फोनवरून त्यांना गाठले.

"ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मी तुमचा मुलगा बोलतोय."

"सगळे असंच म्हणतात. आवाजाचीही नक्कल करतात आता. सकाळी काय खाल्लंस ते सांग."

"कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही."

"हे सोलापुरात कोणीही सांगेल!"

शेवटी आजोबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि गिरणीच्या भोंग्यालाही लाजवेल अशा आवाजात "आकडा बोल!" एवढेच म्हटले. अण्णांनी सहाही आकडे एका दमात सांगितले. चार मिनिटे राखून यादी लॉक झाली.

पहिल्या फेरीत काही लागले नाही. दुसऱ्या फेरीत एकसष्टावी पसंती लागली: भूलशास्त्र. काकूंना सांगितले, तर त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे ऑपरेशन दुसराच करणार आणि तू नुसतंच झोपवणार?" 'नुसतेच' माझ्या आधीच नव्या पदवीला जाऊन चिकटले होते. झोपवण्यापेक्षा परत उठवणे अवघड असते, हे मी त्यांना सांगून पाहिले, पण गुडघा काही पुढे आला नाही.

आजोबांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "पाळी कोणती?"

"सगळ्याच," मी म्हणालो.

ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ओव्हरटाइमचं आधी विचारून घे."